कॅशलेसचे तीन तास कुठून मोजायचे?

वारजेकर_मृ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वाचनमात्र बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांचं (वय ७१) पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. आरोग्य विमा कॅशलेस, म्हणजे मंजूर बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते. हॉस्पिटल कर्वे रस्त्याच्या आसपासचं, नाव लिहीत नाही. सोमवारी सकाळी दाखल, दुपारी ऑपरेशन, ती रात्र देखरेखीसाठी आयसीयूत, मग मंगळवार-बुधवार रूममध्ये. गुरुवारी सकाळी साडेनऊला डॉक्टर राउंडला आले, टाके बघितले आणि म्हणाले, "काका, आज घरचं जेवण." बाबांनी लगेच हॉस्पिटलचा अंगरखा काढून पँट-शर्ट चढवला. त्याच पँट-शर्टात ते संध्याकाळपर्यंत पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. घरी सासूबाईंनी बारा वाजता मऊ भात लावला. तो दोनदा गरम झाला, शेवटी त्यांनी स्वतःच खाल्ला. आम्ही हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा सात चाळीस झाले होते.

दिवसभर काउंटरवर एकच उत्तर: "कंपनीकडून अप्रूव्हल आलं नाही." कंपनीला फोन लावला की, "हॉस्पिटलकडून कागद यायचेत." मधे मी, हातात फोन आणि चार्जिंग ११ टक्के.

आता हिशोब. बिल १,८६,४००:
रूम ७,५०० × ३ = २२,५००
आयसीयू एक दिवस १०,०००
सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट, नर्सिंग मिळून ८४,०००
औषधं आणि डिस्पोजेबल ३८,६००
तपासण्या २१,८००
इतर किरकोळ (फाइल चार्ज, किट, ग्लोव्हज वगैरे) ९,५००

कंपनीने मंजूर केले १,२१,२६७. आमच्या खिशातून ६५,१३३. पॉलिसी ५ लाखांची, रूमची मर्यादा रोज त्याच्या १ टक्का, आयसीयूची २ टक्के. रूम मर्यादेपेक्षा महाग घेतली हे मान्य. त्या दिवशी दुसरी रिकामी नव्हती.

माझे प्रश्न:
तीन तासांत डिस्चार्ज मंजूर करायचा असा नियम झालाय ना? मग हे दहा तास कोणी खाल्ले, आणि त्याचा दंड कोणी भरायचा?
तिसऱ्या दिवसाचं रूमभाडं "बारा वाजून गेले" म्हणून लागलंय. ते आम्ही का द्यायचं?
६५ हजारांची कपात बरोबर आहे का?

---

पेठेतलाच

+१. आमच्या आईच्या वेळी रात्रीचे साडेदहा. कॅन्टीनवाला नावाने हाक मारायला लागला होता.

---

विमासल्लागार_कोथरूड

ताई, रूमची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यायला हवी होती, हे मी प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, तेव्हा बदलायला हीच वेळ उत्तम आहे. वयाची ६५ची अट पण आता राहिलेली नाही. मला व्यनि करा.

---

पेठेतलाच

घर जळतंय आणि हे रंगाचे नमुने दाखवताहेत.

---

डेस्कवाली

मी सोळा वर्षं पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर काढली. लोक त्याला टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी मधली संस्था) काउंटर म्हणतात, आणि तिथे बसणाऱ्या बाईला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. २०२४च्या दिवाळीत नोकरी सोडली. तुझा धागा वाचला आणि कानात तो इंटरकॉम पुन्हा वाजायला लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैसे, मग घड्याळ.

तुझी रूमची मर्यादा ५,०००, घेतलेली ७,५००ची. म्हणजे हक्क दोन तृतीयांश. रूमचे वरचे ७,५०० गेले. डॉक्टर-ओटी-नर्सिंगच्या ८४ हजारांतले २८,००० प्रपोर्शनेट डिडक्शनमध्ये, म्हणजे रूमच्याच प्रमाणात एक तृतीयांश कपातीत गेले, कारण हॉस्पिटलं रूमच्या वर्गाप्रमाणे सर्जनचीही फी चढवतात. किरकोळचे ९,५०० पॉलिसीत बसतच नाहीत. बेरीज ४५,०००. इथपर्यंत कंपनी कडू आहे पण बरोबर आहे.

वरचे २०,१३३ मात्र मला खटकले, म्हणून कॅल्क्युलेटर घेतला. औषधं आणि तपासण्या मिळून ६०,४००. त्याचा तिसरा हिस्सा २०,१३३. पकडलं! या दोन्हींना ती कात्री लावता येत नाही. जून २०२०मध्ये इर्डाने, म्हणजे विम्याच्या नियामकाने, स्पष्ट केलं की औषधं, डिस्पोजेबल सामान, इम्प्लांट आणि तपासण्या यांना प्रपोर्शनेट लावायचं नाही, आयसीयूच्या चार्जेसनाही नाही, आणि ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे तर मुळीच नाही. सलाइनची बाटली जनरल वॉर्डात आणि डिलक्समध्ये एकाच छापील किमतीची असते, त्यामागचं साधं कारण एवढंच. तुझ्या पॉलिसीच्या पुस्तिकेत व्याख्यांच्या पानावर "असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस" शोध. तिथे हेच लिहिलेलं सापडेल. तो परिच्छेद जसाच्या तसा उतरवून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल कर. त्यात रडगाणं नको, बाबांचा मऊ भात नको, फक्त हे आकडे.

आता घड्याळ. २९ मे २०२४च्या परिपत्रकात इर्डाने सांगितलं की कॅशलेसची सुरुवातीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या पैशांतून भरायचे. वाचायला फार गोड आहे. पण तीन तास कुठून? *हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती कंपनीला मिळाल्यापासून.* डॉक्टर "घरी जा" म्हणाल्यापासून नाही. सगळी मेख इथे आहे.

आमच्या डेस्कवर काय चालायचं ते सांगते. साडेनऊला डॉक्टर बोलून पुढच्या मजल्यावर जातात. समरी, म्हणजे उपचारांचा गोषवारा, लिहायची असते ज्युनिअर डॉक्टरने, आणि तो त्या वेळी ओटीत टाके घालत असतो. वॉर्डातून उरलेली औषधं फार्मसीला परत जातात, फार्मसी ती मोजून क्रेडिट देते, तोवर बिल बंद होत नाही. याला फार्मसी रिटर्न म्हणतात आणि जगातली सगळ्यात संथ गोष्ट ती आहे. मग लॅबचा क्लिअरन्स, एक्स-रेचा क्लिअरन्स, किचनचा क्लिअरन्स. मग बिलिंगचा मुलगा जेवायला जातो. त्याने जेवू नये असं नाही. समरी टाइप होऊन येते, त्यात डावं-उजवं चुकलेलं असतं, ती पुन्हा वर जाते. हे सगळं जमलं की माझ्याकडे गठ्ठा येतो, मी स्कॅन करून पोर्टलवर चढवते. तेव्हा कुठे कंपनीचं घड्याळ सुरू होतं.

मी एक निळी वही ठेवली होती. प्रत्येक फायलीला पाच वेळा टाकायच्या: डॉक्टर बोलले, समरी आली, अपलोड केलं, क्वेरी (कंपनीची शंका) आली, अप्रूव्हल आलं. वरिष्ठांना ती दाखवायची म्हणून सुरू केली आणि दाखवायची हिंमत झाली नाही, कारण दहातल्या सहा-सात फायलींचा अर्धा दिवस अपलोडच्या आधीच गेलेला असायचा. आमच्याच घरात. आणि काउंटरवर मी काय सांगायचे? "कंपनीकडून अप्रूव्हल आलं नाही." खोटं नव्हतं. पाठवलंच नव्हतं तर येणार कुठून?

कंपन्या साधुसंत होत्या असं समजू नका. एका तासाचा नियम आल्यावर त्यांनी दोन युक्त्या काढल्या. एक, सुरुवातीची मंजुरी पटकन, पण चिमूटभर. एक लाखाच्या ऑपरेशनला २० हजार. घड्याळात पास, खरी चिरफाड डिस्चार्जच्या दिवशी. दोन, वेळ संपत आली की क्वेरी. पंचावन्नाव्या मिनिटाला "पहिल्या सल्ल्याचा कागद जोडा". तो आम्ही दाखल करतानाच जोडलेला असायचा. पुन्हा जोडायचा. क्वेरी टाकली की चेंडू हॉस्पिटलच्या अंगणात, आणि तिथून पुन्हा मोजणी.

हे घड्याळ आलं कुठून तेही सांगते, कारण ते मी अंगावर झेललंय. राज्यातले पहिले कोविड पेशंट आपल्याच शहरात सापडले, ९ मार्च २०२०ला, नायडू हॉस्पिटलात. एप्रिलच्या मध्यावर इर्डाने सांगितलं, मंजुरी दोन तासांत द्या. २१ मेला राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले: साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसकट ९,००० रोजचे. जूनमध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने स्वतःचा तक्ता काढला. म्हणजे माझ्या टेबलावर तीन दरपत्रकं: सरकारचं, विमावाल्यांचं आणि आमच्या हॉस्पिटलचं. उरलेल्या २० टक्के खाटांवरचा पेशंट आला की त्याला हॉस्पिटल आपल्या दराने बिल लावणार, कंपनी सरकारी दराने पैसे देणार, आणि मधला फरक सांगायला पीपीई किटमध्ये घामाघूम झालेली मी. त्या किटचेही पैसे बिलात. एका काकांनी मला विचारलं होतं, "तुम्ही घातलंय त्याचे पैसे मी का देऊ?" अजून उत्तर सुचलेलं नाही.

जुलै २०२०मध्ये कोरोना कवच आली, साडेतीन, साडेसहा, साडेनऊ महिन्यांची, ५० हजार ते ५ लाख. सगळ्या कंपन्यांकडे एकसारखीच, नियामकाने शब्द न् शब्द ठरवून दिलेली. मला ती आवडायची, कारण वाचावी लागायची नाही. त्यात घरी घेतलेले उपचारही बसत होते. संकटात कंपन्यांनी स्वतःहून काढलेल्या शहाणपणापेक्षा हे लादलेलं शहाणपण जास्त कामाला आलं, हे माझं मत.

मग एप्रिल २०२१. खाली गाडीत पेशंट, वर खाट रिकामी, पण त्या खाटेवरचा माणूस बरा होऊन अप्रूव्हलची वाट बघतोय. हे मी डोळ्यांनी बघितलं. एका तासात तीनदा खाली जाऊन त्या गाडीतल्या मुलीला "थोडं थांबा" सांगितलं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्याच सुमारास कंपन्यांना अर्ध्या ते एका तासात मंजुरी द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी, २९ एप्रिलला, इर्डाचं परिपत्रक निघालं: कोविडच्या कॅशलेसला साठ मिनिटं, दाखल होतानाही आणि सुटतानाही. आज तुला जो एक तास-तीन तासांचा नियम माहीत आहे, त्याचं मूळ त्या आठवड्यात आहे. आणि खरं सांगते, त्या आठवड्यात आमच्याकडे समऱ्या वीस मिनिटांत निघत होत्या. फार्मसी रिटर्न दुसऱ्या दिवशी करू म्हणायचे. म्हणजे येतं सगळ्यांना.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आता अवलंबून आहे अपलोडच्या वेळेवर. कंपनीच्या ॲपमध्ये क्लेमच्या खाली वेळा दिसतात, किंवा मोबाइलवर आलेले संदेश बघ. विनंती मिळाल्यापासून मंजुरीपर्यंत तीन तासांपेक्षा जास्त गेले असतील तर तिसऱ्या दिवसाचं रूमभाडं कंपनीकडे माग. कमी गेले असतील तर भांडण हॉस्पिटलशी आहे, आणि ते अवघड आहे, कारण कंपनीच्या डोक्यावर घड्याळ बांधलंय तसं हॉस्पिटलच्या डोक्यावर कोणी बांधलेलं नाही.

अवांतर: पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळीच सिस्टरना विचारायचं, "उद्या सोडणार का? मग समरीचा मसुदा आज होईल का?" आणि उरलेली औषधं रात्रीच परत पाठवायला सांगायची. मी माझ्या आईच्या वेळी हेच केलं. दीड वाजता घरी.

---

डॉ_हडपसर

डेस्कवालींचं बहुतेक पटलं, पण शेवटचा टोला जरा एकतर्फी आहे. माझं १८ खाटांचं हॉस्पिटल आहे. डोक्यावर कोणी नाही म्हणता? १९४९चा नर्सिंग होम कायदा, त्याचे २०२१चे सुधारित नियम, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात, पालिकेची नोंदणी, फायर ऑडिट, जैववैद्यकीय कचऱ्याची पावती रोजच्या रोज, सोनोग्राफीचा एक फॉर्म चुकला तर मशीनला सील. माझ्याकडे रिसेप्शनच्या मागची भिंत सगळी प्रमाणपत्रांनी भरलीय, गणपतीला जागा उरली नाही.

समरी मीच लिहितो. ज्युनिअर डॉक्टर परवडत नाही असं नाही, टिकत नाही. सकाळी राउंड, मग ऑपरेशन, मग ओपीडी. एक वाजता खुर्चीत बसतो तेव्हा पहिली समरी. ही चूक मला कबूल आहे, पण ती चूक आळसाची नाही.

आणि क्वेरीचं म्हणाल तर परवा हर्नियाच्या पेशंटला "पेशंट मद्यपान करतो का" हे तीनदा विचारलं. चौथ्यांदा मी लिहिणार होतो की पेशंट नाही, पण आता डॉक्टर करील.

पैशांचं कोणी बोलत नाही. मंजूर झालेली रक्कम माझ्या खात्यात यायला अनेकदा दीड-दोन महिने जातात, आणि तेव्हाही त्यातून काही ना काही कापलेलं असतं. सरकारी कंपन्यांच्या नेटवर्कमधले पॅकेजचे दर मी सही केली तेव्हाचे आहेत. तेव्हाच्या आणि आत्ताच्या नर्सच्या पगाराची तुलना करा. ४,००० रुपयांच्या कोविड खाटेवर मी ऑक्सिजन सिलिंडर मिळेल त्या भावाने आणत होतो. दर गोठवले होते ते माझे, सिलिंडरवाल्याचे नाही. तुम्ही कंपनी आणि हॉस्पिटल म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. माझ्यासारखे जिन्याखाली जनरेटर ठेवलेले पुण्यात बरेच आहेत.

---

डेस्कवाली

डॉक्टर, गणपतीचं वाक्य आवडलं. तुमच्या अडचणी खोट्या नाहीत. पण तुम्ही दिलेल्या यादीत डिस्चार्जच्या वेळेचा एकही नियम नाही, हे बघा. "नाभ"ची (हॉस्पिटलांच्या दर्जाची) मान्यता असलेल्या हॉस्पिटलांना डिस्चार्जला किती वेळ लागला ते मोजून ठेवावं लागतं. आमच्याकडेही मोजायचे. फक्त "डिस्चार्ज कधी सुरू झाला" याची व्याख्या सोयीची असायची. पेशंटच्या लेखी डॉक्टर बोलले की तो सुटला, आमच्या लेखी फाइल खाली आली की.

---

निवृत्त_सदाशिव

वय ७२. सरकारी विमा कंपनीतून निवृत्त. १९८६ साली मेडिक्लेम निघाली तेव्हा मी कारकून होतो. कॅशलेस हा शब्दच नव्हता. माणूस बरा व्हायचा, बिलांचा गठ्ठा सुतळीने बांधून आणायचा आणि आम्ही तो पंचिंग मशीनने भोकं पाडून दोरीत ओवायचो. टीपीए आले ते २००१च्या नियमांनंतर.

दोन दुरुस्त्या आणि एक मार्गदर्शन.

दुरुस्ती पहिली. कंपन्या क्वेरी काढतात ती केवळ खोडसाळपणाने नव्हे. कंपनीला देण्यांच्या मानाने जेवढं जादा भांडवल आवश्यक ठरतं, त्याच्या दीडपट राखावं लागतं, त्याला सॉल्व्हन्सी म्हणतात. ते घसरलं की नियामक दारात उभा. २०२० साली एप्रिलमध्ये इर्डाने कंपन्यांना लाभांश वाटू नका असं बजावलं, ते याचसाठी. घडलेले पण अजून दप्तरी न आलेले दावे किती असतील, याचा अंदाज बांधून पैसे बाजूला ठेवावे लागतात. साथीत तो अंदाज बांधायचा कसा? मागच्या साथीचे आकडे १९१८चे. तेव्हा मेडिक्लेम नव्हती. म्हणून कंपनी प्रत्येक दाव्याशी कंजुषी करते. समर्थन करत नाही, कारण सांगतो.

दुरुस्ती दुसरी. २०२०चे दर सरकारने ज्या कायद्यांच्या आधारे ठरवले त्यात १८९७चा साथरोग कायदाही होता. तो कायदा प्लेगच्या वर्षाचा. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गोळी घातली, साथ आवरण्याच्या नावाखाली घरात शिरणाऱ्या सोजिरांपायी. पुणेकराला साथ आणि नियम यांचं वाकडं नवं नाही. असो, हे विषयांतर झालं.

मार्गदर्शन. मृण्मयी म्हणा की काय आपलं नाव, प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. सोबत "बीमा भरोसा" या इर्डाच्या पोर्टलवर नोंद, किंवा १५५२५५वर फोन. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यासाठी मुंबईला जायला नको. कार्यालय नारायण पेठेत आहे, केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत. फी नाही. वकील चालत नाही, ही त्या जागेची सर्वांत मोठी सोय. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं. निवाडा मिळाल्यावर कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास रोज ५,००० दंड.

मी स्वतः आमच्या कुटुंबाच्या मोतीबिंदूच्या दाव्यासाठी तिथे गेलो होतो. सुनावणी दहा-पंधरा मिनिटांची असते. मी दोन पानी टिपण नेलं. समोर माझ्याच जुन्या खात्यातला मुलगा बसला होता, मला "सर" म्हणत होता आणि माझाच दावा कसा बसत नाही ते सांगत होता. दावा बसला.

एक ध्यानात ठेवा. लोकपाल कंपनीविरुद्ध ऐकतो, हॉस्पिटलविरुद्ध नाही. हॉस्पिटलसाठी जिल्हा ग्राहक आयोग.

---

विमासल्लागार_कोथरूड

काकांनी उत्तम माहिती दिली. एक भर घालतो, यात विक्री नाही. सासऱ्यांचं वय ६० पार आहे, त्यामुळे प्रीमियमवर लक्ष ठेवा. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी इर्डाशी बोलावं लागतं. आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालली असेल तर "आजार लपवला" म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. म्हणून माझ्याकडे या अगर येऊ नका, पण जुनी पॉलिसी रागाच्या भरात बंद करू नका.

---

पेठेतलाच

रंगाचे नमुने मागे घेतो.

---

वारजेकर_मृ (धागाकर्ती)

अपडेट, उशिराबद्दल माफी. मधे मुलीची परीक्षा होती.

डेस्कवालीताई, पॉलिसीच्या पुस्तिकेत ती व्याख्या सापडली, अठराव्या पानावर. तुम्ही सांगितलं तसा आठ ओळींचा मेल केला. पहिलं उत्तर आलं: "आपला दावा नियमांनुसार निकाली काढण्यात आला आहे." त्यावर मी फक्त ६०,४०० भागिले ३ एवढंच लिहून परत पाठवलं आणि निवृत्तकाकांनी सांगितलं तसं बीमा भरोसावर टाकलं. सतराव्या दिवशी खात्यात २०,१३३ आले. सोबत पत्र नाही, दिलगिरी नाही, काही नाही. लोकपालाकडे जायची वेळ आली नाही. पण मी इमारत बघून ठेवलीय, लक्ष्मी रोडला जाताना वाकडी वाट करून.

घड्याळाचं: ॲपमध्ये वेळा मिळाल्या. विनंती मिळाली दुपारी ४:१२. क्वेरी ५:०५ (पहिल्या सल्ल्याचा कागद! मी हसले). अंतिम मंजुरी ६:५८. म्हणजे दोन तास शेहेचाळीस मिनिटं. कंपनी चौदा मिनिटं राखून पास.

मग हॉस्पिटलात गेले, तिसऱ्या दिवसाच्या भाड्यातले निदान आमच्या खिशातून गेलेले २,५०० परत द्या म्हणून. बिलिंगच्या प्रमुखांनी चहा पाजला आणि बारा वाजताच्या नियमाची लॅमिनेट केलेली पाटी दाखवली. २,५०० मिळाले नाहीत. ग्राहक आयोगात एवढ्यासाठी जायचं का, घरात दोन मतं आहेत.

बाबांना रात्री सगळा हिशोब वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "ते सगळं ठीक. पण साडेनऊ ते सव्वाचार मी नक्की होतो कुठे?"

---

डेस्कवाली

काकांना सांग, फार्मसी रिटर्नमध्ये.